मिरगाची लागवड, दिवाळीची करडे

एप्रिल सरत आला की कुडाळ-मालवणकडच्या पशुवैद्यकाला एक मागणी हमखास येते : शेळी माजावर येत नाही, इंजेक्शन द्या. देता येते. प्रोजेस्टेरॉनचे स्पंज आहेत, पीएमएसजी आहे. पण सिरिंज भरण्याआधी शेळीच्या कमरेवर हात फिरवावा. मणक्यांची टोके बोटांना टोचत असतील, तर औषध दवाखान्यात नव्हे, गोठ्यात आहे. शिवाय पीएमएसजी वारंवार टोचले की शेळीचे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि पुढच्या खेपेला माज व गर्भधारणा दोन्ही बिनभरवशाची होतात.

परदेशी पुस्तकांत मेंढीचा हंगाम ठरतो दिवसाच्या लांबीवर. दिवस आखडू लागला की मेलॅटोनिन जास्त वेळ स्रवते आणि मेंढी माजावर येते. स्कॉटलंडमध्ये उन्हाळ्या-हिवाळ्यातल्या दिवसांत दहा तासांचा फरक पडतो. मालवणात जेमतेम दोन तासांचा. आपल्या कोकण कन्याळ शेळीला किंवा घाटावरच्या दख्खनी मेंढीला हा इशारा क्षीणच पोचतो. इथला हंगाम पाऊस आणि चारा ठरवतात. रक्तातले ग्लुकोज आणि इन्सुलिन वाढले, की मेंदूकडून एलएचचे स्पंद वाढतात आणि अंडाशयात पक्व होणारी अंडी टिकतात. लागवडीआधी दोन-तीन आठवडे रोज 200 ते 300 ग्रॅम खुराक द्यायचा तो यासाठी. रोडावलेल्या शेळीला त्याचा गुण येतो, धष्टपुष्ट शेळीला फारसा नाही.

आता खरी अडचण. शेळीचा गाभणकाळ सुमारे पाच महिन्यांचा. मिरगाच्या आसपास फळलेली शेळी दिवाळीच्या सुमारास विते. पाऊस ओसरलेला, गवत उभे, वातावरण कोरडे. जानेवारी-फेब्रुवारीत फळलेली मात्र जून-जुलैत विणार, आणि ओल, जंत व न्यूमोनिया करडांवर तुटून पडणार. 'दोन वर्षांत तीन वेत' हे पाठ्यपुस्तकी गणित इथे मांडून पाहा : नोव्हेंबर, मग जुलै, मग मार्च. तीनपैकी एक वेत भर पावसात. उंच मचाण आणि कोरडा निवारा नसलेल्याने हे गणित सोडून द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या गरोळ मेंढीतले फेक-बी जनुक दख्खनीत आणून जुळी देणारी मेंढी घडवली, हे मोठेच काम. पण जुळी जगवायला चारा आणि निवारा लागतोच.

मिरगात लागवड म्हणजे मे महिन्यात खुराक, आणि मे हाच चाऱ्याचा दुष्काळ. तरी या जिल्ह्यात त्याच काळात फणसाचा पाला आहे, काजूची बोंडे आहेत (वाळवून द्यावीत, आंबलेली ढिगाने नकोत), गिरणीवर भाताचा कोंडा मिळतो, घाण्यावर खोबऱ्याची पेंड. जांभ्याच्या आम्लधर्मी जमिनीत स्फुरद अडकून राहतो, म्हणून खनिज मिश्रण विसरू नये. मेंढी पाळणाऱ्याने मात्र शेळ्या-गायींचे मिश्रण तिला देऊ नये. त्यातले तांबे मेंढीला बाधते.

बोकडाची आठवण आपल्याला शेवटी होते. वीर्य तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात, म्हणजे एप्रिलच्या उकाड्यात बेजार झालेला बोकड जूनमध्ये तोंडघशी पाडतो. त्याला सावलीत आणि शेळ्यांपासून महिनाभर नजरेआड, वासाआड ठेवा. मग सोडला, की बऱ्याच शेळ्या आठ-दहा दिवसांत इंजेक्शनाशिवाय माजावर येतात. पहिला माज वाया गेला तरी घाई नको, पुढचा फळतो.

फळल्यावर खुराक एकदम चढवू नये; अति खाद्याने यकृत प्रोजेस्टेरॉन झपाट्याने निपटते, आणि कोवळा गर्भ टिकत नाही. मेंढीत साधारण पन्नास दिवसांनंतर वार हे संप्रेरक पुरवू लागते. शेळी मात्र शेवटपर्यंत अंडाशयातल्या पीतपिंडावरच अवलंबून असते. त्यामुळे गाभण आहे की नाही हे न तपासता पीतपिंड विरवणारे प्रोस्टाग्लँडिन टोचणे म्हणजे गर्भपात ओढवून घेणे.

कुडाळ तालुक्यातल्या निळेलीच्या प्रक्षेत्रावर कोकण कृषी विद्यापीठ कन्याळचे जतन व पैदास करते. त्या कामाला तुमच्या गोठ्यातल्या नोंदींची जोड हवी. वेताचा महिना, करडांची संख्या आणि तीन महिन्यांनी जिवंत राहिलेली करडे, एवढ्या तीनच गोष्टी वहीत लिहा आणि वर्षअखेरीस आमच्याकडे पाठवा. आम्ही त्या तालुकावार छापू.