दोन छड्यांची सवलत

परदेशात गुन्हा करावा आणि आपण परके म्हणून शिक्षा मात्र हलकी मागावी, हा कुठला न्याय? १९९४ साली सिंगापुरात मोटारींची नासधूस करणाऱ्या एका अमेरिकन तरुणास कैद, दंड व सहा छड्यांची शिक्षा झाली. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी रदबदली केली. सहाच्या चार झाल्या. गुन्हा काही लहान झाला नव्हता. क्लिंटन यांचा मान राखला, एवढेच. आणि सिंगापूर सरकारने ते लपविलेही नाही!

परक्याचा खरा हक्क निराळाच आहे. अटक होताच, आपल्या देशाच्या वकिलातीस कळविण्याची मागणी तुला करता येते, हे त्यास विनाविलंब सांगितलेच पाहिजे, असे १९६३ च्या व्हिएन्ना कराराचे ३६ वे कलम बजावते. ही मेहेरबानी नव्हे, कायदा आहे. छड्यांसाठी कळवळलेल्या अमेरिकेने तो पाळला काय? ॲरिझोनात १९८२ साली खुनाच्या गुन्ह्यात पकडलेल्या दोघा जर्मन भावांस हे वेळेवर सांगितलेच गेले नाही. जर्मन वकिलातीस पत्ता लागला तो १९९२ साली, देहदंड ठोठावला गेल्यावर कित्येक वर्षांनी! ते निरपराध होते असे आमचे म्हणणे नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अमेरिकेविरुद्ध निकाल दिला २००१ साली. दोघा भावांस १९९९ मध्येच देहान्त दिला गेला होता.