पांच औंसांचा हिशेब

“मुलींचा मेंदूच मुळीं लहान, त्यांस गणित कसें झेपणार?” हें वाक्य आपल्या घरांतून अद्यापि ऐकूं येतें, आणि बोलणारे नेहमीं पुरुषच असतात असेंहि नाहीं. दहावीनंतर मुलीनें कोणती शाखा घ्यावी याचा खल चालला असतां एखाद्या आत्याबाई किंवा काका तें सहज बोलून जातात, व पुष्कळदां तेवढ्यावर निकाल लागतो. तेव्हां या वाक्याचें कूळ एकदां शोधलेंच पाहिजे.

सरासरीनें मेंदू लहान असतो, हें खरें. पॅरिसचे शल्यवैद्य पॉल ब्रोका यांनीं एकोणिसाव्या शतकांत शवविच्छेदनाच्या वेळीं २९२ पुरुषांचे व १४० स्त्रियांचे मेंदू तोलले. पुरुषांची सरासरी १३२५ ग्रॅम भरली, स्त्रियांची ११४४. अंतर १८१ ग्रॅमांचें. परंतु या स्त्रिया उंचीनें कमी व वयानें अधिक होत्या. या दोन गोष्टींची वजावट केली म्हणजे अंतर ११३ ग्रॅमांवर उतरतें, हें पुढें अमेरिकन शास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनीं ब्रोकांच्याच आंकड्यांवरून दाखविलें. गंमत अशी कीं ही वजावट ब्रोकांस ठाऊक नव्हती असें नाहीं. जर्मनांचे मेंदू फ्रेंचांहून जड भरतात असें निघतांच त्यांनीं ती तत्परतेनें पुढें केली होती. स्त्रियांच्या वेळीं मात्र त्या बुद्धीनें किंचित् उण्याच, असें धरून ते चालले. जें सिद्ध करावयाचें तेंच हेतु म्हणून मांडणें यास आपल्या नैयायिकांनीं ‘साध्यसम’ हें नांव देऊन हेत्वाभासांत बसविलें आहे.

इंग्लंडांत १८८७ सालीं जॉर्ज रोमेन्स यांनीं स्त्रीच्या मेंदूंत सुमारें पांच औंसांची तूट दाखवून तिच्या बुद्धीचें माप काढलें. त्यास खरें उत्तर दिलें तें ॲलिस ली या बाईंनीं. लंडनच्या बेडफर्ड कॉलेजांत शिकलेल्या या गणिती विदुषीनें कार्ल पिअर्सन यांच्या मार्गदर्शनाखालीं, डोक्याच्या बाहेरील मापांवरून कवटीचें आंतील आकारमान काढण्याची रीत बसविली. मग १८९८ सालीं डब्लिन येथें भरलेल्या शरीररचनाशास्त्रज्ञांच्या सभेंतील ३५ विद्वानांचीं डोकीं मापांत घेतलीं. जोडीला युनिव्हर्सिटी कॉलेजांतील अध्यापक व बेडफर्डच्या विद्यार्थिनी. विद्वानांची यादी बाईंनीं नांवानिशीं, उतरत्या क्रमानें लावली! नामांकित कोलमन अगदीं शेवटच्या पायरीवर आले, आणि कित्येक विद्यार्थिनींनीं कित्येक पंडितांस मागें टाकलें. परीक्षकांनीं या प्रबंधावर पुष्कळ आक्षेप घेतले, यांत नवल तें काय? तरीहि १९०१ सालीं बाईंना डॉक्टरेट मिळाली.

आतां तराजूची जागा एम्.आर्.आय्. यंत्रानें घेतली आहे. लीज इलियट व त्यांचे सहकारी यांनीं २०२१ सालीं तीन दशकांच्या संशोधनाचा आढावा घेतला. पुरुषांचा मेंदू सुमारें ११ टक्के मोठा. पण हा आकारभेद बाजूस ठेवला तर मेंदूंतील एकंदर तफावतीपैकीं लिंगभेदाच्या वांट्यास अवघा एक टक्का येतो. डॅफ्ना जोएल यांनीं २०१५ सालीं चौदाशेंहून अधिक मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या, तेव्हां बहुतेक मेंदू गोधडीसारखे आढळले: एक तुकडा पुरुषांत अधिक दिसणारा, शेजारचा स्त्रियांत अधिक दिसणारा. यावर वाद अजून चालू आहे, आणि भेद मुळींच नाहीं असें कोणी म्हणत नाहीं. मात्र या भेदांवरून अमुक मुलीस बीजगणित येईल कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं; त्यासाठीं तिची वहीच पाहावी लागते.

आणि जेथें भेद पाहावयास हवा होता, तेथें तो उशिरां पाहिला गेला. झोल्पिडेम हें झोंपेचें औषध स्त्रियांच्या शरीरांतून अधिक सावकाश बाहेर पडतें. सकाळीं गाडी चालवितांना डोळ्यांवर झापड राहण्याचा धोका त्यांस अधिक. अमेरिकेंत तें १९९२ सालीं मान्य झालें. स्त्रियांची मात्रा दहा मिलिग्रॅमवरून पांचवर आणण्याचा हुकूम निघाला तो २०१३ सालीं.