पिठाचा कोंबडा आणि पडद्यावरची बाई



व्हिडिओ गेमवर लिहिणार म्हटल्यावर काहीजणींना वाटेल, आता 'मुलांचा मोबाईल काढून घ्या' हा नेहमीचा उपदेश येणार. तो मी करणार नाही. काढून घेतलेला मोबाईल संध्याकाळपर्यंत परत दिला जातो, हे प्रत्येक आजीला माहीत आहे. माझे भांडण वेगळे आहे. या खेळांत बाई कुठे आहे आणि ती काय करते आहे, हे आपण कधी बघत नाही. कुणी बघून बोलले, तर 'अहो, खेळच तर आहे, त्यात स्त्री-पुरुष समानता कशाला आणता?' असे म्हणून तिला गप्प बसवतात. या 'खेळच तर आहे'लाच माझा विरोध आहे.

आपल्या तोंडी तर हे वाक्य मुळीच शोभत नाही. यशोधर राजाची कथा आपल्याला ठाऊक आहे. आईच्या आग्रहाखातर त्याने जिवंत प्राण्याऐवजी पिठाच्या कोंबड्याचा बळी दिला. रक्त नाही, जीव नाही, नुसते पीठ. तरी त्या संकल्पाचे फळ आई आणि मुलगा दोघांनाही कितीतरी जन्म पशुयोनीत भोगावे लागले. ज्या धर्माने पिठाच्या कोंबड्यालाही 'नुसते पीठ' म्हटले नाही, त्या धर्मातल्या बायकांनी पडद्यावरच्या बाईला 'नुसते चित्र' म्हणावे?

'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' या जगभर खपलेल्या गेममध्ये खेळणारा रस्त्यावरच्या वेश्येकडे जाऊ शकतो, आणि मग तिला मारून दिलेले पैसे परत घेऊ शकतो. देहविक्रयातून बाहेर पडलेल्या काही स्त्रियांनी याविरुद्ध अर्ज केला, तेव्हा डिसेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टार्गेट या दुकानसाखळीने हा गेम विकणे बंद केले. खेळणाऱ्याने खरी बाई मारली नाही, हे मला मान्य आहे. यशोधरानेही खरा कोंबडा मारला नव्हता.

प्रत्येक खेळात एवढे क्रौर्य नसते. पण बाईला कोपऱ्यात उभे करणे मात्र जुने आहे. १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये एक माकड बाईला पळवून नेते आणि पुरुष तिला सोडवायला शिड्या चढतो. ती वर उभी राहून वाट बघते, एवढेच तिचे काम. २०१३ मध्ये माईक मिका नावाच्या अमेरिकन गेम-निर्मात्याला त्याच्या तीन वर्षांच्या मुलीने विचारले, मला त्या बाईला घेऊन का खेळता येत नाही? त्याने रात्री बसून तो जुना खेळ बदलला आणि बाईला शिड्या चढायला लावले. एका बापाला हे जमले.

आता मोठ्या कंपनीचे ऐका. २०१४ मध्ये युबिसॉफ्टने फ्रेंच राज्यक्रांतीवरचा 'असॅसिन्स क्रीड युनिटी' काढला. चौघांनी मिळून खेळायच्या भागात चौघेही पुरुष. कारण काय दिले? बाई घातली तर ॲनिमेशनचे काम दुप्पट होते. मी कॉमर्स शिकलेली बाई, खर्चाचे कारण पुढे आले की मी आधी हिशेब तपासते. याच मालिकेच्या आधीच्या एका भागाच्या ॲनिमेशन दिग्दर्शकाने जाहीर सांगितले, की हे फार तर एक-दोन दिवसांचे काम आहे. आणि विषय कोणता, तर फ्रेंच राज्यक्रांती! १७८९ च्या ऑक्टोबरमध्ये भाकरीसाठी पॅरिसहून व्हर्सायवर चालून गेल्या त्या बायकाच होत्या. इतिहासात बाई होती, फक्त बजेटमध्ये नव्हती. ओरड झाल्यावर पुढच्याच वर्षीच्या भागात एव्ही फ्राय ही नायिका आली. म्हणजे बोलल्याने फरक पडतो.

काहीजण म्हणतात, 'गेम मुलगेच बनवतात, मुलगेच खेळतात, मग त्यांच्या आवडीचेच असणार.' हे खोटे आहे. रॉबर्टा विल्यम्स यांचा 'मिस्टरी हाऊस' १९८० चा, कॅरल शॉ यांचा 'रिव्हर रेड' १९८२ चा. बायका सुरुवातीपासून होत्या. त्यांना टिकू कसे दिले जाते, ते बघा. 'लीग ऑफ लेजंड्स' बनवणाऱ्या रायट गेम्स कंपनीवर तिथल्या कर्मचारी स्त्रियांनी भेदभावाचा दावा लावला. २०२१ मध्ये कंपनीने तो १० कोटी डॉलरवर मिटवला. गेममधल्या स्त्रीचित्रणावर अभ्यासपूर्ण व्हिडिओ करणाऱ्या अनिता सार्कीसियन यांचे २०१४ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या विद्यापीठात व्याख्यान होते. गोळीबाराची धमकी आली, श्रोत्यांना बंदुका आणायला बंदी करता येणार नाही असे कळले, आणि त्यांनी व्याख्यान रद्द केले. 'खेळच तर आहे' म्हणणाऱ्यांनी सांगावे, नुसत्या खेळासाठी कुणी बाईला जिवे मारायची धमकी देते का?

आपल्यातल्या काही भगिनींचाही आक्षेप मला ठाऊक आहे. 'आपण अहिंसावादी. मारामारीच्या खेळात बाईला जागा मागायची, म्हणजे तिलाही हिंसेत ओढायचे ना?' प्रश्न रास्त आहे. पण सगळे खेळ मारामारीचे नसतात. २०२३ चा 'वेन्बा' घ्या. कॅनडात गेलेली एक तमिळ आई फाटलेल्या वहीतल्या पाककृती आठवून आठवून पुन्हा जुळवते. त्यातले सगळे पदार्थ आपल्या चौक्यात चालणारे नाहीत, पण घर चालवणारी बाई नायिका आहे. आपल्या पुण्यात बनलेल्या २०२० च्या 'राजी'मध्ये एक मुलगी हरवलेल्या भावाला शोधायला निघते. तिच्या हातातले शस्त्र मला आवडत नाही. ते मुलाच्या हातातही आवडत नाही. पण तिने कुणी सोडवायची वाट बघत बसावे, याला मी अहिंसा म्हणणार नाही.

ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी शिकवली आणि सुंदरीला अंक. काँप्युटरचा प्रोग्राम म्हणजे तरी काय? अक्षरे आणि अंकच. ही विद्या मुलींची नाही, असे निदान जैन घरात कुणी म्हणू नये.

करायचे काय? पाप कृत, कारित आणि अनुमोदनेनेही लागते, हे आपण पाठशाळेत शिकलो. नातवाच्या वाढदिवसाला गेमचे पैसे आपण देतो, ती अनुमोदनाच आहे. तेव्हा पैसे देण्याआधी त्याला शेजारी बसवून विचारा: यात बाई आहे का? ती स्वतः काही करते का? तिला मारले, तर तुला पॉइंट मिळतात का? तिसऱ्याचे उत्तर 'हो' आले, तर पैसे देऊ नका, आणि का देत नाही हे त्याला नीट सांगा. आणि नात खेळायला बसली, तर तिला 'हे मुलांचे खेळ' म्हणून उठवू नका. तिला विचारा, असा खेळ तू बनवलास तर कसा बनवशील?