मुलीच्या सायकलपुरता रस्ता

गेल्या आठवड्यात आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. नेदरलँड्समधलं बोस्कोप गाव. समुद्रसपाटीपेक्षा खाली असलेला मुलूख, बांध घालून आणि पाणी उपसून राखलेला. अशा जमिनीला तिकडे पोल्डर म्हणतात. लांबच लांब चिंचोळ्या पट्ट्यांवर झाडांच्या नर्सऱ्या, दोन पट्ट्यांमध्ये पाण्याचे चर आणि त्यातून शांतपणे जाणारी सायकलची वाट. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'आपल्याकडे असं कधी होणार?'

मला वाटलं, निम्मं तर आपल्याकडे आहेच की!

रविवारी फजरनंतर मी कधी कधी ताकारीहून सायकल काढतो. समोर सागरेश्वरचा डोंगर. एकेकाळी बोडका असलेल्या या डोंगरावर धों. म. मोहिते यांनी माणसं जोडून झाडं लावली, जगवली. १९८५ साली त्याचं अभयारण्य झालं. जवळपास ११ चौरस किलोमीटरचं हे जंगल माणसाच्या हातानं उभं राहिलंय. डोंगर ओलांडला की देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. आणखी पुढे कडेगाव, जिथल्या मोहरमच्या उंच ताबुतांना हिंदू-मुसलमान दोघांचे खांदे लागतात. वाटेत ऊस, द्राक्षबागा आणि ऊसरोपांच्या नर्सऱ्या. हिरव्या शेडनेटखाली कोकोपीट भरलेले ट्रे आणि त्यांत एक डोळ्याची कांडी लावत बसलेल्या बायका. रविवारी पहाटे हे सगळं फार सुंदर दिसतं.

पण मी रविवारचा सायकलवाला आहे. सोमवारी याच भागातल्या रस्त्यांवर सायकल चालवणारी माणसं वेगळी असतात.

आमच्या भागातल्या बऱ्याच उर्दू शाळा सातवीपर्यंतच आहेत. पुढं शिकायचं तर शेजारच्या मोठ्या गावातलं हायस्कूल गाठावं लागतं. माझी एक हुशार विद्यार्थिनी आठवीत गेली आणि दिवाळीनंतर शाळेत दिसेनाशी झाली. मी तिच्या घरी गेलो. मनात भाषण तयार होतं. मुलींची तालीम, इल्मचं महत्त्व, समाजाची मानसिकता, सगळं. तिच्या अब्बांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, पोरगी शिकावी असं मलाही वाटतं. पण कारखाने सुरू झालेत. शाळा पाचला सुटते, सहाला अंधार. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं लाइट नाही. सायकल बाजूला घ्यायची म्हटलं तर डांबर संपलं की खड्डा. तुम्ही असता तर पाठवली असती?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मुस्लिम मुली मागं का, या विषयावर मी अनेकदा बोललो, लिहिलंही. दोष दर वेळी घराच्या आत शोधला. तो तिथं नाही असं मी म्हणणार नाही. पण उंबऱ्याबाहेरचा रस्ता मी कधी पाहिलाच नव्हता. आणि त्या रस्त्यावरून धनगराची, मातंगाची, मराठ्याची मुलगीही जाते. एसटी चुकली की तिचीही शाळा बुडते.

आता त्या व्हिडिओकडे परत येऊ. डच लोकांना ती वाट निसर्गानं दिलेली नाही. तिथंही मोटारींसाठी रस्ते रुंद होत गेले आणि सायकली कडेला ढकलल्या गेल्या. १९७१ या एका वर्षात तिथं रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली. त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. मग आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नावच होतं, 'मुलांच्या हत्या थांबवा'. १९७३ च्या तेलटंचाईनं सरकारलाही विचार करायला लावलं. आज दिसणारी सायकलची वाट त्या रागातून आणि दुःखातून निघाली आहे.

आपल्याकडे हे जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी मिरज तालुक्यातलं भोसे आठवावं. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड सुमारे चारशे वर्षांचा वड येत होता. २०२० मध्ये लोक त्या वडासाठी उभे राहिले आणि रस्त्याचा आराखडा बदलावा लागला. पुढं २०२२ मध्ये तो वड कोसळला. पण लोकांनी मागितलं तर महामार्गही वळतो, हे त्यानं दाखवून दिलं. झाडासाठी जे झालं ते मुलींसाठी का होऊ नये?

मागणी फार मोठी नाही. रस्ता रुंद करताना डांबराच्या बाहेर पाच फूट सपाट, पक्की कडा सोडा. तिच्यापलीकडं झाडं लावा, रोपं तर आपल्याच नर्सऱ्यांत आहेत. हायस्कूल असलेल्या गावापर्यंत आधी हे करा. गळीत हंगामात रिफ्लेक्टर आणि मागचा दिवा नसलेली ट्रॉली कारखान्यानं गेटच्या आत घेऊ नये. हा ठराव ग्रामसभेत मांडता येतो आणि तो मांडायला आमदार लागत नाही.

कर्मवीर भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि बोधचिन्ह म्हणून वडाचं झाड घेतलं. सातारा-सांगलीत शाळा गावोगाव पोचल्या, त्यात त्या वडाचा मोठा वाटा आहे. आता शाळेपर्यंत मुलगी पोचवायची आहे.

आमच्या मशिदीत रस्त्यातला काटा-दगड बाजूला करणं हा ईमानचाच भाग आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. झाड लावणं सदका आहे, हेही. जुम्म्याच्या बयानात हे दोन्ही विषय येतात आणि नमाज झाली की आपण चपला घालून घरी जातो. पुढच्या ग्रामसभेला मशीद कमिटीतल्या चार जणांना घेऊन मी जाणार आहे. त्या मुलीच्या अब्बांनाही बोलावलंय. ते म्हणाले, "येतो. पण ऊस सुरू व्हायच्या आत काहीतरी झालं पाहिजे."