2027 उजाडण्याआधी आपल्या प्रभागाचा नकाशा उघडा



पुण्याच्या जुन्या हद्दीचा विकास आराखडा राज्य सरकारने जानेवारी 2017 मध्ये मंजूर केला. 2027 च्या सुरुवातीला त्याला दहा वर्षे पुरी होतात. या दहा वर्षांना कायद्यात मोठा अर्थ आहे. आपल्या घराजवळच्या ज्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवून आपण ‘इथे बाग होणार आहे’ असे मुलांना सांगतो, तिथे बाग होणार की इमारत, हे यापुढे ठरू लागेल. हे आवाहन त्यासाठी आहे.

आधी कायदा समजून घेऊ, कारण सगळी मेख तिथेच आहे. आराखड्यात एखाद्या खासगी जमिनीवर उद्यानाचे किंवा क्रीडांगणाचे आरक्षण पडले म्हणून ती जमीन महापालिकेची होत नाही. नकाशावर हिरवा रंग चढतो, सातबाऱ्यावर नाव मालकाचेच राहते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 मधले कलम 127 म्हणते की दहा वर्षांत पालिकेने जागा घेतली नाही, संपादनाची घोषणाही राजपत्रात निघाली नाही, तर मालक पालिकेला खरेदी सूचना, म्हणजे ‘जागा विकत घ्या’ अशी नोटीस, देऊ शकतो. त्यानंतरच्या चोवीस महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्यासाठी ठोस पाऊल पडले नाही, तर आरक्षण उठते. सरकारी भाषेत त्याला ‘व्यपगत झाले’ म्हणतात. त्यासाठी मुख्य सभेत मतदान लागत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना कोणी विचारत नाही. पत्रा ठोकला जातो आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत पाया खणलेला असतो.

यात मालकाला खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. जमीन धड विकता येत नाही, बांधता येत नाही आणि पैसेही मिळत नाहीत, अशा अवस्थेत कोणी पिढ्यान्‌पिढ्या का थांबावे? सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात नेमके हेच ओळखले. संपादनाचा नुसता प्रस्ताव वरच्या कार्यालयात धाडला म्हणजे पाऊल उचलले असे होत नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. दोष आहे तो जागा रंगवून ठेवणाऱ्या आणि अंदाजपत्रकात तिच्यासाठी पैसे न ठेवणाऱ्या कारभाराचा. 1987 च्या आराखड्यातून पुढे आलेल्या आरक्षणांची पहिली दहा वर्षे तर 1997 मध्येच सरली होती. 

किती जागा लागते याचा हिशेब एकदा करून पाहू. केंद्र सरकारच्या 2014 च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा धरली आहे. म्हणजे एक लाख वस्तीला किमान 100 हेक्टर. सारसबाग सुमारे 25 एकरांची, साधारण 10 हेक्टर. एक लाख लोकांमागे दहा सारसबागा! आपल्या प्रभागात किती आहेत ते प्रत्येकाने बोटांवर मोजावे. बोटे बहुधा उरतील. पालिकेची उद्याने दोनशेहून अधिक आहेत हे खरे. पण त्यांतल्या कित्येकांचा आकार मंगल कार्यालयाच्या पार्किंगएवढा आहे, आणि त्यातही कारंजे, पुतळा आणि उद्‌घाटनाची कोनशिला यांनी आपली जागा आधीच अडवलेली असते.

लिहून काय होते, असे विचारणाऱ्यांसाठी थोडा इतिहास सांगतो. याच आराखड्याचे प्रारूप 2013 मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा पुणेकरांनी सुमारे 87 हजार हरकती-सूचना दिल्या. लोक रांगा लावून अर्ज देत होते. सुनावण्या झाल्या, नियोजन समितीत एकमत झाले नाही आणि 2015 मध्ये राज्य सरकारने आराखडा पालिकेकडून काढून विभागीय आयुक्तांच्या समितीकडे दिला. त्या समितीच्या आराखड्यात कित्येक आरक्षणे उठली, शहरात गदारोळ झाला आणि अंतिम मंजुरीत त्यांतली काही परत आली. सगळी आली नाहीत. पण जी आली ती गप्प बसून आलेली नाहीत. जैवविविधता उद्यानाचेही तसेच. 1997 मध्ये हद्दीत आलेल्या 23 गावांतल्या टेकड्यांवरचे हे 978 हेक्टरांचे आरक्षण सरकारने 2015 मध्ये मान्य केले, त्यामागे पुणेकरांची दहा-बारा वर्षांची तंगडतोड होती. वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या बालभारती-पौड फाटा रस्त्याविरुद्ध एप्रिल 2023 मध्ये हजारो माणसे उन्हातान्हात रस्त्यावर उतरली, त्यांत पहाटे टेकडीवर फिरणारे आजी-आजोबा होते आणि कॉलेजची मुलेही होती.

टेकड्यांबाबत मात्र निर्धास्त होऊ नका. जैवविविधता उद्यानाची बरीचशी जमीन अजून खासगी मालकीची आहे, आणि डोंगरमाथा-डोंगरउताराच्या नियमांचा पुन्हा अभ्यास करण्यासाठी 2025 मध्ये सरकारने समितीही नेमली.

नव्या हद्दीत गोष्ट आणखी निकडीची आहे. 2017 मध्ये 11 गावे आली, 2021 मध्ये आणखी 23. वाघोली, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे, मांजरी बुद्रुक, किरकटवाडी इथे बारा-बारा मजली इमारती उभ्या आहेत आणि मुले दोन इमारतींमधल्या रस्त्यावर क्रिकेट खेळतात. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (पीएमआरडीए) 2021 मध्ये आपल्या क्षेत्राचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला, त्यावर हजारो हरकती आल्या, प्रकरण न्यायालयात गेले आणि 2025 मध्ये तो आराखडाच रद्द झाला. तेव्हा त्यात असलेल्या या 23 गावांचे चित्र पुन्हा काढले जाणार. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतीसाठी कायद्याने मिळतात 30 दिवस. तीस दिवसांत नकाशा शोधायचा, सर्व्हे नंबर लावायचा, सोसायटीची बैठक बोलवायची आणि अर्ज द्यायचा, हे ऐनवेळी कोणालाच जमत नाही. गावकीतल्या जुन्या माणसांना गायरान कुठे होते, ओढा कुठून वाहायचा, जत्रेचे कुस्तीचे मैदान कोणते, हे ठाऊक आहे. फ्लॅटमध्ये राहायला आलेल्यांना अर्ज लिहिता येतो. या दोघांनी आजच एकत्र बसायला हवे. अजून तरी ते एकमेकांना पाण्याच्या टँकरच्या रांगेतच भेटतात.

आता नाजूक विषय. जागा वाचवली तर तिथे काय करायचे, हे कोणाला विचारायचे? आपल्या शहरात बागेविषयी सर्वांत मोठा आवाज सकाळी फिरायला येणाऱ्यांचा असतो. तो मी कमी लेखत नाही, पण त्यांना हवा असतो जॉगिंग ट्रॅक, आणि म्हणून प्रत्येक बाग शेवटी ट्रॅकभोवती फिरते. बागेच्या फाटकाशी काय काय करू नये याची यादी लावण्यात तर आपला हात कोणी धरणार नाही: चेंडू खेळू नये, हिरवळीवर बसू नये, डबा खाऊ नये. बहुतेक उद्याने ऐन दुपारी कुलूपबंद असतात. धुणीभांडी करणारी बाई दोन कामांच्या मध्ये तासभर टेकणार कुठे? पर्वतीच्या पायथ्याच्या जनता वसाहतीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत अभ्यास न होणारा मुलगा दुपारी कुठे बसणार? या दोघांचे मत घ्यायला आजवर कोण गेले?

पेशवे पार्कातली फुलराणी ही छोटी आगगाडी 1956 मध्ये धावू लागली आणि पुण्यातल्या कित्येक पिढ्यांची पहिली सहल तिने घडवली. असे काही करायचे असेल तर जरूर करा. पण बाग वेगळी आणि मैदान वेगळे. पुण्याला तालमींची परंपरा आहे, 1924 पासून महाराष्ट्रीय मंडळ आहे, आणि तरीही शाळेतल्या मुलींना कबड्डीसाठी साधे मातीचे अंगण मिळत नाही. क्रीडांगणाचे आरक्षण असलेल्या जागेवर हिरवळ लावून, भोवती जाळी मारून तिला उद्यान म्हणू देऊ नका. आणि सगळ्याच जागा सजवायच्या नसतात. काही ठिकाणी दोन वडाची झाडे, पिण्याचे पाणी, स्वच्छ स्वच्छतागृह, रात्री नऊपर्यंत दिवे आणि बाईमाणसाला निर्धास्त बसता येईल असा पार, एवढे पुरते. स्वच्छतागृहाचा मुद्दा अर्जात पहिला लिहा. बागेत ते नसेल किंवा त्याला कुलूप असेल तर बायका पाऊण तासात घरी परततात, आणि मग आपणच म्हणतो की बागेत बायका दिसत नाहीत.

वर्तमानपत्राला पत्र लिहिण्यात पुणेकर पटाईत आहेत. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर रोज एक मोर्चा निघतो. कायद्याच्या लेखी यांतले काहीच मोजले जात नाही. मोजला जातो तो सही केलेला, आवक क्रमांक पडलेला कागद. म्हणून पुढचे काम कागदाचे आहे.

पालिकेच्या संकेतस्थळावर विकास आराखड्याचे नकाशे आहेत. आपला भाग शोधा आणि उद्यान, क्रीडांगण वा मोकळी जागा म्हणून दाखवलेले एखादे आरक्षण निवडा. एका सोसायटीने, एका गणेश मंडळाने किंवा एका शाळेच्या पालकांनी एकच घ्यावे. दहा घेऊन सोडून देण्यापेक्षा ते बरे. सर्व्हे नंबर टिपा, जागेवर जाऊन आज तिथे काय आहे त्याचे तारखेसह फोटो काढा. मग पालिकेला तीन गोष्टी लेखी विचारा: ही जागा पालिकेच्या ताब्यात आहे का, नसेल तर संपादनाची किंवा टीडीआरची (पैशांऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची) कारवाई कुठवर आली, आणि मालकाची खरेदी सूचना आली आहे का. आली असेल तर तारीख विचारा, चोवीस महिने तिथूनच मोजायचे आहेत. उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार आहेच. दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना फायली पाहू देण्याची पद्धत याच महापालिकेने 2009 मध्ये सुरू केली आणि 2018 मध्ये सरकारने ती राज्यभर नेली. ती चालू ठेवण्याचा आग्रह आपणच धरायला हवा.

दुसरा कागद अंदाजपत्रकाचा. 2006 पासून पुणे पालिकेत नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक तयार करण्याची योजना आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळतो. मोठी जमीन त्यातून विकत घेता येत नाही, पण दिवे, बाकडी, पाणी, स्वच्छतागृह, उतरण ही कामे सुचवता येतात. संपादनाच्या पैशासाठी मात्र नगरसेवक आणि आयुक्त यांना थेट गाठावे लागेल. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर कारभार दीर्घकाळ प्रशासकाकडे होता, तेव्हा दार ठोठावायला नगरसेवकच नव्हता. आता ती सबब पुढे करता येणार नाही. आपल्या प्रभागातल्या आरक्षित जागांची यादी आणि पुढच्या अंदाजपत्रकात त्यांसाठीची तरतूद त्यांच्याकडून लेखी मागा.

झाडे तोडण्याच्या नोटिशीवर हरकत घ्यायला सातच दिवस मिळतात, म्हणून खोडाला चिकटवलेला कागद दिसला की त्याच दिवशी फोटो काढून ग्रुपवर टाका आणि दुसऱ्या दिवशी अर्ज द्या.

अर्ज मराठीत, एका पानात, जागेच्या सर्व्हे नंबरासह लिहा. पंधरा क्षेत्रीय कार्यालयांपैकी तुमचे कोणते ते शोधून या आठवड्यातच तिथे जा. जाताना शेजारच्या वस्तीतल्या दोघांना बरोबर न्या, अर्जाच्या दोन प्रती ठेवा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच मिळाल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका.