इंग्रजीच्या तासाला नाताळचे पुडिंग

गेल्या डिसेंबरात तालुक्याच्या गावातील एका शाळेने 'इंग्रजी सप्ताहा'च्या समारोपासाठी परीक्षक म्हणून बोलावले होते. शाळा मराठी माध्यमाची, सेमी-इंग्रजीचे वर्ग असलेली. मुले बहुतेक आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची. घरात इंग्रजीचे वाक्य उच्चारणारी ती स्वतःच पहिली. सभागृहात कापसाचा बर्फ पसरला होता, पुठ्ठ्याचा स्लेज होता, आणि खिडकीबाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती.

मुख्य आकर्षण प्रश्नमंजूषेचे होते. नाताळच्या जेवणाच्या वेळी दोघांनी दोन टोकांना धरून ओढायची वस्तू कोणती? पुडिंगमध्ये शुभ म्हणून काय दडवतात? 'पॅनकेक डे' कोणत्या वारी येतो? मुले गप्प. मग प्रश्न आला, 'बॉक्सिंग डे' म्हणजे काय? सातवीतला एक मुलगा ताडकन उठला आणि म्हणाला, "इट इज अ टेस्ट मॅच इन मेलबर्न, सर."

सभागृहात हशा पिकला. उत्तर चूक ठरले, कारण हातातील कार्डावर नोकरचाकरांना भेटवस्तूंच्या पेट्या देण्याचा दिवस असे काहीतरी छापलेले होते. मुलगा खाली बसला. नंतर त्याने एकदाही हात वर केला नाही.

त्याच्या उत्तराकडे जरा पुन्हा पाहू या. प्रश्न त्याला इंग्रजीत समजला, उत्तर त्याने इंग्रजीत जुळवले, वाक्यात व्याकरणाचा एकही दोष नव्हता आणि माहितीही खरी होती. मेलबर्नची ती कसोटी दरवर्षी 26 डिसेंबरला सुरू होते. 2020 साली तेथेच अजिंक्य रहाणेने कर्णधार म्हणून शतक ठोकले आणि ॲडलेडला 36 धावांत गारद झालेल्या संघाने सामना जिंकला. आपल्या गावांनी तो सामना पहाटे उठून पाहिला आहे. भाषेच्या परीक्षेत याहून अधिक काय हवे असते? परंतु परीक्षा भाषेची नव्हतीच. ती इंग्लंडमधील एका घरातल्या चालीरीतींची होती. आणि परीक्षकाच्या खुर्चीत बसून मीही त्याला गुण दिला नाही. ती रुखरुख या लेखनाच्या मुळाशी आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

प्रश्न शिक्षकांनी तयार केलेले नव्हते. 'ब्रिटिश संस्कृतीतून इंग्रजी' अशा धाटणीचे, सणावारांच्या प्रश्नमंजूषांनी आणि वाक्प्रचारांच्या याद्यांनी भरलेले साहित्य आज मुबलक मिळते. त्यातून ते जसेच्या तसे उचलले होते. हे साहित्य तयार करणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. आपल्या देशाविषयी परक्यांच्या मनात गोडी निर्माण व्हावी असे ब्रिटनला वाटते, आणि ते त्याने कधी लपवलेले नाही. ब्रिटिश कौन्सिल 1934 साली स्थापन झाले ते याच हेतूने. प्रत्येक स्वाभिमानी राष्ट्राने असे करावे. चूक आपली आहे. जे त्यांनी आपल्या देशाची ओळख म्हणून दिले, ते आपण भाषेची पात्रता म्हणून स्वीकारले.

पात्रता ठरवण्याचा विषय निघालाच आहे तर ब्रिटिशांनी ती स्वतः कशी ठरवली आहे तेही पाहावे. परदेशी विद्यापीठात किंवा रुग्णालयात जाऊ इच्छिणारे आपले हजारो तरुण आयईएलटीएस परीक्षा देतात. तिच्या मालकांत ब्रिटिश कौन्सिल आणि केंब्रिज दोन्ही आहेत. ती परीक्षा आलेख पाहून वर्णन लिहायला सांगते, पत्र लिहायला सांगते, उतारा वाचून प्रश्न विचारते. पुडिंगमध्ये काय दडवतात, हे विचारत नाही. सणावारांची माहिती विचारणारी परीक्षा ब्रिटनमध्ये आहे. पण ती वेगळी. 'लाइफ इन द यूके' नावाची ही चाचणी 2005 पासून नागरिकत्व मागणाऱ्यांना द्यावी लागते: 45 मिनिटे, 24 प्रश्न, त्यांतील 18 बरोबर हवेत. ज्याला त्या देशाचा नागरिक व्हायचे आहे त्याने तेथील 'पॅनकेक डे' माहीत करून घ्यावा, हे न्याय्यच आहे. उद्या एखादा इंग्रज पुण्यात कायमचा राहायला आला तर त्याला गुढीपाडवा ठाऊक असावा असे आपल्यालाही वाटेल. पण सातवीतील त्या मुलाने कोणत्या नागरिकत्वाचा अर्ज केला होता?

आणखी एक गंमत आहे. त्या चाचणीच्या अधिकृत मार्गदर्शिकेत नाताळाबरोबर दिवाळीही आहे, ती पाच दिवस चालते आणि लेस्टरमधील दिवाळी प्रसिद्ध आहे, ही माहितीही आहे. 1810 साली लंडनमध्ये पहिले भारतीय भोजनगृह काढणाऱ्या आणि ब्रिटिशांना 'शाम्पू'ची, म्हणजे आपल्या चंपीची, ओळख करून देणाऱ्या शेख दीन महंमदाचा उल्लेखही त्यात आहे. ब्रिटिश सरकारच्या लेखी दिवाळी ही ब्रिटिश जीवनाचा भाग झाली. आमच्या तालुक्याच्या 'ब्रिटिश संस्कृती'त मात्र तिला जागा नाही. मुनीम मालकाहून कडक असतो, तो हा असा.

बरे, जी संस्कृती म्हणून आपण मुलांना देतो ती तरी नीट देतो का? नाताळचे फटाके, म्हणजे ते ओढायचे क्रॅकर, 1840च्या दशकात लंडनच्या एका मिठाईवाल्याने आपला माल खपावा म्हणून काढले. नाताळची पहिली छापील शुभेच्छापत्रे 1843ची. ख्रिसमसचे झाड व्हिक्टोरिया राणीच्या जर्मन पतीमुळे लोकप्रिय झाले. राजघराण्याचे झाडाभोवतीचे चित्र 1848 साली एका सचित्र साप्ताहिकात छापून आले आणि घरोघरी झाडे उभी राहिली. म्हणजे ज्याला आपण अनादी परंपरा समजून कापूस पसरतो, ती बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली तिच्या जेमतेम दहा वर्षे आधीची. त्याच्याही मागे गेलो तर 1647 साली इंग्लंडच्या प्युरिटन संसदेने नाताळ साजरा करण्यावर बंदी घातली होती, आणि स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुटी सुरू झाली ती थेट 1958 साली.

पाच नोव्हेंबरच्या 'बॉनफायर नाइट'चे तर विचारूच नका. कार्डावर लिहिलेले असते: शेकोटी, आतषबाजी, मजा. 1605 साली गाय फॉक्स आणि त्याच्या साथीदारांनी संसद दारूगोळ्याने उडवून देण्याचा कट केला. ते कॅथलिक होते. कट फसल्यावर दरवर्षी या दिवशी ईश्वराचे आभार मानण्याचा कायदाच झाला. तो 1859 पर्यंत लागू होता, आणि शेकोटीत जाळल्या जाणाऱ्या पुतळ्यांत अनेकदा खुद्द पोपचाही पुतळा असे. एका देशातील दोन पंथांच्या वैराची ही आठवण आहे. ती इतिहास म्हणून शिकवली तर सातवीच्याच काय, बारावीच्या वर्गालाही विचार करायला लावील. आपण तिची 'मजा' केली. दिवाळीत फटाक्यांविरुद्ध शपथ देणाऱ्या शाळांनी नोव्हेंबरात ही आतषबाजी गुण देऊन पाठ करून घ्यावी, याला काय म्हणावे?

वाक्प्रचारांची कथा थोडी निराळी, कारण तेथे युक्तिवाद अधिक भारदस्त असतो. वाक्प्रचारांशिवाय भाषा येत नाही, असे म्हणतात. मराठीपुरते ते खरे आहे. 'उंटावरून शेळ्या हाकणे' ज्याला कळत नाही त्याला मराठी आली असे आपण म्हणणार नाही. पण इंग्रजीची आजची स्थिती वेगळी आहे. पुण्यातला अभियंता इंग्रजीत बोलतो तो जपानी, जर्मन किंवा कोरियन माणसाशी. त्या संभाषणात जन्मजात इंग्रज बहुधा कोणीच नसतो. व्हिएन्ना विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ बार्बरा साइडलहोफर यांनी अशा संभाषणांचा अभ्यास करून 'एकतर्फी वाक्प्रचारां'चा प्रश्न मांडला आहे: एकाने ठेवणीतला वाक्प्रचार टाकायचा आणि दुसऱ्याला तो ठाऊक नसल्याने बोलणे अडायचे. म्हणजे जे भूषण म्हणून पाठ केले तेच अडसर ठरते. 'कॅरिंग कोल्स टू न्यूकॅसल' हा वाक्प्रचार मुले अजूनही घोकतात. कोळशाच्या गावी कोळसा नेण्याचा मूर्खपणा, असा त्याचा अर्थ. पण ब्रिटनमधील शेवटची खोल कोळसा खाण 2015 साली बंद झाली आणि कोळशावर चालणारे अखेरचे वीजकेंद्र 30 सप्टेंबर 2024 रोजी. ज्यांचा वाक्प्रचार, त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. आम्ही मात्र पाटी घेऊन बसलो आहोत.

याच याद्यांत 'जगरनॉट' असतो. वाटेत येईल त्याला चिरडत जाणारी अंध शक्ती, हा त्याचा अर्थ. ब्रिटनमध्ये अजस्र मालमोटारीलाही तोच शब्द आहे. शब्द कोठून आला? पुरीच्या जगन्नाथाच्या रथावरून. ज्या रथाचा दोर हाती लागावा म्हणून लक्षावधी माणसे आषाढात पुरीला जातात, तो परक्या प्रवाशांच्या अर्धवट वर्णनांतून असा इंग्रजीत गेला. मुलांनी हा शब्द जरूर शिकावा. पण शिकताना तो कोणाचा, आणि त्याच्या अर्थाचे असे का झाले, हे वर्गात कोणी सांगते का? तोच सांस्कृतिक अभ्यास ठरला असता, आणि इंग्रजीचाही. पावसाला परत पाठवणाऱ्या बालगीताचे उदाहरण मी मुद्दामच देत नाही. ते भाषणांत वापरून गुळगुळीत झाले आहे.

येथे कोणी म्हणेल, हा इंग्रजीद्वेष झाला. मुळीच नाही. इंग्रजीला 'वाघिणीचे दूध' म्हटले ते स्वभाषेचा अभिमान जागवणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी. महाराष्ट्रात 2000 साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली तेव्हा पुष्कळ वाद झाला. पण खेड्यातल्या आईबापांनी ती मागितली होती आणि त्यांची मागणी रास्त होती. शहरातल्या मुलाला जे मिळते ते आपल्या मुलाला का नको? प्रश्न एवढाच, की दूध पिऊन अंगी बळ यावे, की वाघिणीच्या गुहेतील भांडीकुंडी पाठ करावी? लोकमान्यांनी 1893 साली 'ओरायन' इंग्रजीत लिहिला. विषय वेदांच्या प्राचीनतेचा होता. इंग्रजी वाचणाऱ्या विद्वानांना तो मुद्दाम इंग्रजीत ऐकवायचा होता. अरुण कोलटकरांच्या 'जेजुरी'ला 1977 साली राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. त्या काव्यातील तिरकस दृष्टी सर्वांना पटेलच असे नाही, मलाही ती सर्वत्र पटत नाही. परंतु ते इंग्रजी जेजुरीच्या दगडधोंड्यांवर उभे आहे, लंडनच्या धुक्यावर नव्हे.

भाषा शिकावी कशी, हे पाहायचे तर एका इंग्रजाचेच उदाहरण घ्यावे. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आला आणि सुमारे चाळीस वर्षे तेथेच राहिला. 1616 साली छापलेले त्याचे 'ख्रिस्तपुराण' मराठीत आहे, ओवीत आहे, सुमारे 11 हजार ओव्यांचे आहे. स्वर्गाला तो चक्क 'वैकुंठ' म्हणतो. हेतू धर्मप्रसाराचा होता आणि तो आपल्याला मान्य असण्याचे कारण नाही. पण पद्धत पाहा. आपली भाषा त्याने अशी आत्मसात केली की आपलाच छंद, आपलेच शब्द वापरून त्याने आपल्याला सांगितले ते मात्र स्वतःचे. मराठी शिकून तो मराठी माणूस झाला नाही. त्याला तसे व्हायचेही नव्हते. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या इंग्रजाला जे कळले होते, ते आमच्या 'इंग्रजी सप्ताहा'ला का कळू नये?

शाळेच्या मुख्याध्यापकांना मी नंतर पत्र लिहिले. ऋतुमानाच्या प्रश्नमंजूषा जरूर घ्या, असे सुचवले; पण जूनमध्ये मृग लागताना घ्या, आणि शेतकरी त्या दिवशी आभाळाकडे का पाहतो हे मुलांना इंग्रजीत सांगू द्या. बैलपोळा म्हणजे काय, हे लेस्टरमधल्या एखाद्या मुलाला तीन वाक्यांत समजावून द्यायला सांगा. आळंदी ते पंढरपूर वारीचा हिशेब इंग्रजीत मांडू द्या: किती मुक्काम, किती पाणी, किती भाकऱ्या. डिसेंबरात नाताळच हवा असेल तर वसईचा आणि गोव्याचा विचारा. तो आपल्याच माणसांचा आहे, आणि तेथील नेवऱ्या मुलांना पुडिंगपेक्षा लवकर कळतील. 'बॉक्सिंग डे'चा प्रश्नही काढून टाकू नका. उत्तराच्या कार्डावर फक्त मेलबर्नही लिहून घ्या.