सराफ्यातली गुंज, दारावरचे धान

रायपूरच्या सदर बाजारात दागिना घ्यायला बसलेल्या गिऱ्हाइकाची नजर काट्यावरच्या आकड्यांवर खिळलेली असते. काटे आता इलेक्ट्रॉनिक झाले, हिशेब मिलिग्रॅमचा आला. तरी रत्नाचा खडा घेताना "किती रत्तीचा?" हा प्रश्न आजही विचारला जातोच. ही रत्ती म्हणजे आपली गुंज. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. म्हणजे शहाण्णव गुंजांचा तोळा, सुमारे ११.६६ ग्रॅमचा. (हल्ली दहा ग्रॅमलाच तोळा म्हणायची सोय झाली आहे, ते सोडा.) सोन्याच्या या साऱ्या व्यवहाराचे मूळ माप होते एका रानवेलीचे बी!

गुंजेची शेंग वाळून तडकते, पण बिया खाली पडत नाहीत. उघड्या शेंगेला चिकटून लालबुंद चमकत राहतात. पाखराला वाटते, रसाळ फळ आहे. गर तर काहीच नसतो. पण पाखरू ते गिळते आणि कवच इतके टणक की बी पोटातून जसेच्या तसे बाहेर पडून कुठेतरी दूर रुजते. वेलीने मोबदला न देता हमाल मिळवला म्हणायचा! मात्र कवच फुटले तर आतले विष जहाल असते. चावलेली एखादी गुंजही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. आजीच्या डब्यातल्या गुंजा खेळायला देताना हे विसरू नये.

याच वेलीचा गोड पाला विड्यात घालतात. विड्याच्या पानाची तऱ्हा मात्र अगदी वेगळी. नागवेलीत नर वेल निराळा, मादी वेल निराळा. पण पानमळेवाल्याला त्याचे सोयरसुतक नसते, कारण तो बी पेरतच नाही. जुन्या वेलीची कांडी कापायची, ओलसर मातीत पुरायची, की पेरापाशी मुळे फुटतात. छत्तीसगडात छुईखदानचे पान नावाजलेले. तिथेही वेल असाच कांडीवरून वाढतो. लग्नाच्या मांडवाला बांधतो ती केळही बुंध्याशी फुटलेल्या पिलांपासूनच वाढते. केळ्यातले काळे ठिपके म्हणजे खुरटून गेलेली बीजे.

यात फायदा असा, की जसा आईवेल तसाच लेकवेल. चव तीच, पानाचा आकार तोच. पण तोटाही त्यातच आहे. सगळा मळा जणू एकाच वेलीच्या छापील प्रती! एका वेलीला जो रोग मानवला तो सगळ्यांना मानवतो. मर रोग शिरला की उभा मळा कुजलेला बघायची पाळी येते.

बीजाचे तसे नाही. तिथे नराचे परागकण आणि मादीचे बीजांड एकत्र येतात, गुणांची नव्याने वाटणी होते. सख्ख्या भावंडांत एक गोरा, एक सावळा, एक उंच, तसेच. कोण कसा निघेल ते आधी सांगता येत नाही. पण एका रोगाने सगळे बसले तरी एखादा उभा राहण्याची आशा असते.

आणि धान? छत्तीसगडात दिवाळीच्या सुमारास धानाच्या लोंब्या गुंफून केलेल्या झालरी बाजारात विकायला येतात. लोक त्या दारावर लावतात, चिमण्या येऊन दाणे टिपतात. त्या लोंबीवर दाणा भरण्याआधी फुले आलेली असतात हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. भाताचे फूल सकाळच्या उन्हात उघडते आणि साधारण तासाभरात मिटते. सहा पुंकेसर, दोन पिसासारखे कुंचले. रंग नाही, वास नाही, कारण कीटकाला बोलवायचेच नाही. बहुतेक वेळा फुलाचा पराग त्याच फुलाच्या कुंचल्यावर पडतो. म्हणून दुबराज पेरला की दुबराजच उगवतो. शेकड्यात एखाद्या फुलावर शेजाऱ्याचा पराग येऊन पडतो आणि शेतात वेगळीच लोंबी दिसते. ती शेतकऱ्याने, बहुधा बी निवडणाऱ्या त्याच्या घरधनिणीने, बाजूला काढून ठेवली की पुढे नवे वाण. उंचवट्यावर लवकर येणारे, खोलगट पाण्यात तग धरणारे, सणाला शिजवायचे सुवासिक. पिढ्यानुपिढ्या हे चालले.

ही दौलत गोळा करण्याचे मोठे काम केले डॉ. आर. एच. रिछारिया यांनी. १९७० च्या दशकात रायपूरच्या भात संशोधन संस्थेत असताना त्यांनी गावोगावचे सतरा हजारांहून अधिक नमुने जमवले. त्यांतले काही एकाच वाणाचे, दोन गावांत दोन नावांचे असणार. तरीही आकडा थक्क करणारा आहे.

रिछारियांच्या डोक्यात आणखी एक गोष्ट होती. संकरित धान पहिल्या पिढीत जोमदार येते, पण त्याचेच बी पुन्हा पेरले तर गुणांची फाटाफूट होते. कुंडीतल्या संकरित टोमॅटोचे बी धरून ठेवणाऱ्यांनीही हे अनुभवले असेल. म्हणून दरवर्षी नवे बी विकत घेणे आले. रिछारियांनी सुचवले, की बी न पेरता ठोंबाचे फुटवे सोडवून लावा. प्रत्येक फुटव्याला पुन्हा फुटवे येतात, आणि फुटवा म्हणजे मूळ रोपाची हुबेहूब प्रत. विड्याच्या पानाची रीत त्यांनी भाताला लावली! १९६२ साली 'नेचर' या विख्यात नियतकालिकात त्यांनी ही कल्पना मांडली. मजुरी फार लागते म्हणून ती सर्वत्र रुजली नाही, हे खरे. पण गरीब शेतकऱ्याला संकराचा लाभ बियाण्याचे पैसे न मोजता मिळावा, असा विचार त्या काळी फारसे कोणी करत नव्हते, एवढे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. १९९६ मध्ये ते वारले.

त्यांचा ठेवा रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे आला. २००२ मध्ये सिंजेंटा या परदेशी कंपनीशी संशोधनाचा करार झाल्याची बातमी फुटली, तेव्हा धानाचे हे वाण कोणाचे असा सवाल करत शेतकरी आणि कार्यकर्ते रस्त्यावर आले. कंपनीला माघार घ्यावी लागली. पुढे सरगुजाच्या जीराफूलला २०१९ मध्ये आणि नगरीच्या दुबराजला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

विद्यापीठाच्या संग्रहात आज तेवीस हजारांहून अधिक नमुने आहेत. पण बी म्हणजे सोने नव्हे, की तिजोरीत टाकले आणि निर्धास्त झाले. साठवलेले बीही जिवंत असते, मंद श्वास घेत असते, आणि वर्षे लोटली की उगवण्याची शक्ती गमावते. म्हणून असा संग्रह टिकवायचा तर ठरावीक काळाने एकेका वाणाचे मूठभर बी काढून शेतात पेरावे लागते, सरमिसळ न होऊ देता लोंबी वेगळी कापावी लागते आणि नवे बी वाळवून, त्याच नावाची चिठ्ठी लावून पुन्हा थंड खोलीत ठेवावे लागते.